धरण उशाला, पाहुणे वाटेवर

सोलापूर जिल्ह्यात उजनीची खुशाली टक्क्यांत विचारतात. जूनमध्ये ‘अजून मायनसच का?’ आणि ऑगस्टमध्ये ‘प्लस झाली का?’ हे प्रश्न एसटीच्या थांब्यापासून साखर कारखान्याच्या काट्यापर्यंत कुठेही कानावर पडतात, आणि ते इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. बाहेरच्या वाचकाला मात्र सांगायला हवेत. माढा तालुक्यात भीमेवर १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं साडेत्रेसष्ट टीएमसीच्या आसपास मृतसाठा आणि साडेत्रेपन्नच्या आसपास उपयुक्त साठा. वापरायच्या पाण्यापेक्षा तळाशी राखायचं पाणी जास्त, असा हा उलटा हिशेब आहे. म्हणून इथे शून्य टक्के झालं तरी धरण रिकामं होत नाही, आणि शून्याच्या खाली उतरायला भरपूर वाव राहतो. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच भरली. पुढच्या उन्हाळ्यात ती उणे साठच्या उंबरठ्यावर गेली, म्हणजे मृतसाठ्यातलंही निम्मं पाणी संपलं. त्याच २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती काठोकाठ भरून भीमेत विसर्ग सुरू झाला. दोन-अडीच महिन्यांत ज्या जलाशयाचा काठ इतका सरकतो, त्या काठावर काय बांधावं आणि काय बांधू नये, हा तिथल्या पर्यटनाचा पहिला प्रश्न असायला हवा. माढ्याच्या पर्यटनाविषयी जे बोललं जातं, त्यात तो बहुधा शेवटी येतो.

बोलणं आता कागदावरही आलं आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारच्या पातळीवर सोलापूर जिल्ह्याच्या सुमारे २८२ कोटी रुपयांच्या एकात्मिक पर्यटन आराखड्याला मान्यता मिळाली. जलपर्यटन, कृषी पर्यटन, द्राक्षबागांचं पर्यटन आणि धार्मिक पर्यटन अशी त्याची चार अंगं, आणि पैशाचा सर्वांत मोठा वाटा उजनीच्या जलपर्यटनाला. दुष्काळी म्हणून ओळखल्या गेलेल्या जिल्ह्याने पाण्यावर पर्यटन उभारायचं म्हणावं, यात एक प्रकारचा आत्मविश्वास आहे आणि त्याचं स्वागतच व्हावं. पण माढ्यात पाहण्यासारखं जे आहे, त्यातलं जवळजवळ काहीच बारमाही नाही. पाणी, पक्षी, वारी, देवीची यात्रा, हुरडा, द्राक्षं हे सगळं ऋतूवर आणि तिथीवर येतं आणि निघून जातं. अशा तालुक्याचा आराखडा आधी पंचांग समोर ठेवून आखायला हवा. नकाशा त्यानंतर उघडावा. नकाशापासून सुरुवात केली की हात आपोआप बांधकामाकडे वळतो, आणि बांधकामाला पाण्याची वाट पाहता येत नाही.

याचा दाखला मराठवाड्यात आहे. जायकवाडीच्या पायथ्याशी पैठणला, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं. रंगीत कारंज्यांसाठी महाराष्ट्रभरातून शाळांच्या सहली तिथे जात. त्या सहलीच्या आठवणी आज पन्नाशीला आलेल्या पिढीकडे आहेत. त्यांच्या मुलांना सांगायला मात्र उद्यानाची दुरवस्था उरली. कारंजं चालवायला वीज लागते, माणूस लागतो, सुटे भाग लागतात, आणि हे सगळं दरवर्षी लागतं. उद्घाटनाचा निधी एकदाच येतो. त्याच जायकवाडीच्या फुगवट्यावर, १९८६ साली अभयारण्य जाहीर झालेल्या पाणथळीत, पक्षी मात्र कुठल्याही निविदेशिवाय हिवाळ्यागणिक येत राहिले. माढ्याला या दोन्हींतून एक निवडायचं नाही, पण पैसा कोणत्या वस्तूवर टिकतो आणि कोणत्या वस्तूवर गंजतो, याचा अंदाज त्यातून नक्की येतो.

उजनीचं म्हणून जे पर्यटन आज खरोखर चालतं, ते माढ्यात नाहीच. ते फुगवट्याच्या वरच्या टोकाला, इंदापूर तालुक्यात, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला आहे. तिथे भोई समाजातल्या मासेमारांनी हिवाळ्यात आपल्याच होड्यांतून पक्षी दाखवायला सुरुवात केली, घरी जेवण घालायला सुरुवात केली, आणि चिलापी पकडणारा माणूस चित्रबलाक आणि पट्टकदंब ओळखून सांगू लागला. सरकारी योजनेतून हे उगवलं नाही, म्हणूनच ते आधी समजून घ्यायला हवं. रोहित पक्षी तिथे येतो, कारण त्या टोकाला जमीन उतारविहीन आहे. पाणी ताटात पसरावं तसं उथळ पसरतं, आणि शेतीला आवर्तन सुटून पातळी घसरू लागली की मैलोगणती चिखल उघडा पडतो. त्या चिखलातच रोहितचं अन्न असतं. ज्या वर्षी धरण तुडुंब भरतं आणि लवकर उतरत नाही, त्या वर्षी शेतकरी खुश असतो आणि रोहित उशिरा येतो. पक्ष्यांचा हंगाम पाटबंधारे खात्याच्या दरवाजांवर ठरतो, हे भिगवणच्या होडीवाल्याला पक्कं माहीत आहे. माढ्याच्या वाट्याला त्याच जलाशयाचं दुसरं टोक आलं: भीमानगरला अडीच किलोमीटर लांबीची भिंत आणि तिच्या मागे खोल पाणी. खोल पाण्यात चिखलपक्षी उतरत नाहीत. तेव्हा ‘भिगवणसारखं आपल्याकडेही’ ही मागणी कितीही मनापासूनची असली, तरी जलाशयाचा तळच तिच्या विरोधात आहे.

मग माढ्याकडे आहे काय? माणसं आहेत, आणि ती आधीच इथून जातात. पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग तालुक्यातल्या टेंभुर्णीवरून, मोडनिंबवरून जातो. मुंबई-पुण्याकडून पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी फेरी करणारी भाविकांची वाहनं बहुतेक याच रस्त्यावर असतात. पंढरपूर इथून तासाभरावर. आषाढीत तर रस्ता वारीचाच होतो. पैठणहून निघालेली संत एकनाथांची पालखी कुर्डू, अरण असे मुक्काम करत करकंबकडे उतरते, आणि त्र्यंबकेश्वरहून आलेली निवृत्तिनाथांची पालखी कंदर सोडून दगडी अकोल्यात येते. पर्यटन विकासाची पुस्तकं जाहिरातीपासून सुरू होतात, कारण त्यांना पाहुणा आणायचा असतो. माढ्यात पाहुणा उंबऱ्यावरून रोज जातो, आणि चहाच्या एका टपरीपलीकडे त्याला थांबवणारं फारसं काही नाही. त्याला थांबवायचं तर इथे आणखी एक चौपाटी उभारून भागणार नाही, कारण चौपाट्या वाटेत पुष्कळ आहेत. दुसरीकडे मिळणार नाही असं काहीतरी, तेही नेमक्या दिवशी, त्याच्यासमोर ठेवावं लागेल.

असं काहीतरी अरणला आहे. संत सावता माळी अरणचे, आणि १२९५ साली त्यांनी समाधी घेतली तीही इथेच. वारकरी परंपरेत त्यांची जागा वेगळी आहे. त्यांनी पंढरीची वाट न धरता मळ्यातच विठ्ठल पाहिला, म्हणून बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, तर अरणला पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी येते. आषाढ वद्य चतुर्दशीच्या सुमाराला, म्हणजे आषाढीचा महापूर ओसरल्यावर अडीच-तीन आठवड्यांनी, अरणमध्ये समाधी सोहळा आणि श्रीफळ हंडी होते. देव भक्ताकडे चालत येतो, ही कल्पना कुठल्याही प्रचारपत्रिकेपेक्षा मोठी आहे, आणि ती बनवावी लागलेली नाही. आषाढीला पंढरपुरात पाय ठेवायला जागा नसते. ज्याला वारी जवळून पाहायची आहे पण त्या गर्दीत उतरायचं नाही, त्याच्यासाठी अरणचा उत्सव पंढरपूरच्या गर्दीवरचा उतारा ठरू शकतो. शिवाय ज्या संताने शेतालाच तीर्थ मानलं त्याच्या गावाभोवती डाळिंब, द्राक्ष, ऊस उभा आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, त्याला इतकं चपखल गाव शोधून मिळालं नसतं. तरीही कागदावर धार्मिक पर्यटनाचा रकाना वेगळा आणि कृषी पर्यटनाचा वेगळा. अरणमध्ये तो एकच रकाना आहे.

तालुक्यात आणखीही आहे: माढ्यात अठराव्या शतकातल्या रावरंभा निंबाळकरांचा किल्ला आणि माढेश्वरीचं मंदिर, आणि नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूरसमोरचा या बाजूचा काठ. पण त्यांच्यापेक्षा जास्त दुर्लक्षित ठेवा कुर्डुवाडीत आहे. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, पुढे एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला १९२७ मध्ये मिरज. मराठवाड्यातल्या कापूस-भुसारासाठी जशी ती होती, तशीच यात्रेकरूंसाठीही होती. भाविकांच्या प्रवासावर हिशेब मांडून पायाभूत सोय उभी करण्याचा या तालुक्यातला तो पहिला मोठा प्रयोग म्हणता येईल, आणि तो चालला, कारण आषाढी-कार्तिकीच्या तिथींवर तो बेतलेला होता. १९५४ मध्ये सरकारने ही कंपनी घेतली, पुढे रुळ रुंद झाले, आणि बार्शी लाइटची गाडी लोकांच्या आठवणीत गेली. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना मात्र आहे. याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या नदीखोऱ्यात लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच छोटी रेल्वे १९०४ मध्ये बांधली. ती १९३४ मध्ये बंद पडली. तीन वर्षांनी तिच्या रुळांच्या जागी नदीकाठची तेरा किलोमीटरची पायवाट झाली, आणि त्या वाटेवर आजही माणसं चालतात, सायकली चालवतात. आपला मूळ प्रयोग त्या नकलेहून मोठा आणि जुना. पण नकलेची वाट जगभरच्या भटक्यांना माहीत आहे, मुळाची कुर्डुवाडीच्या फलाटावर साधी पाटीही ठळक नाही. इथे रुंद रुळ त्याच मार्गावर बरेचसे गेले, म्हणून पायवाट शक्य नाही. कारखान्याच्या आवारात वर्षातले ठरावीक दिवस खुलं राहणारं छोटं संग्रहालय मात्र शक्य आहे. त्याला गाडी बदलायला थांबलेला प्रवासी पुरेसा आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येतो की, भाविक खर्च करत नाही. त्याच्यावर तालुक्याचं अर्थकारण कसं चालावं? दिंडीत चालणाऱ्या वारकऱ्याबाबत हे खरं आहे, आणि ते तसंच राहावं. त्याला जेवू घालणं हा गावाचा मान असतो, तिथे धंदा शोधणं शोभणार नाही. पण शनिवार-रविवारी कुटुंबासह अक्कलकोट-तुळजापूर करणारा मोटारवाला वेगळा. तो जेवतो, राहतो, मुलांसाठी काहीतरी पाहायचं शोधतो, आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह मिळालं तर तिथेच पुढच्या वेळी गाडी थांबवतो. हुरड्याच्या दिवसांत तर त्याला बोलवावंही लागत नाही. पौष-माघात मालदांडी ज्वारीची कणसं दुधाळ झाली की सोलापूर भागातली शेतं आपसूक पाहुण्यांनी भरतात. त्याच्या पाठोपाठ द्राक्षांची काढणी येते. पंचांगावर चालणारं पर्यटन म्हणजे काय, याचं उदाहरण हुरडा पार्टीने कुठल्याही अनुदानाविना घालून दिलं आहे.

दुसरा आक्षेप जड आहे. हंगामी पर्यटन म्हणजे हंगामी रोजगार, आणि तरुणाला बारा महिन्यांचा पगार हवा. म्हणून बारमाही आकर्षण, म्हणजेच बांधीव प्रकल्प, लागतोच. हा आक्षेप माढ्यात ऐकताना थोडी गंमत वाटते, कारण तालुक्याचं सगळं अर्थकारणच हंगामी आहे. साखर कारखान्याचं धुराडं दिवाळीच्या आसपास पेटतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी विझतं. म्हणून कारखाना कुचकामी, असं कुणी म्हणत नाही. प्रश्न एकाच हंगामावर सगळं टांगण्याचा असतो. इथे आषाढात वारी आणि अरण, नवरात्रात माढेश्वरी, कार्तिकी, मग हुरडा, द्राक्ष, उन्हाळ्याच्या सुट्टीत महामार्गावरची कुटुंबं असे एकामागून एक छोटे हंगाम लागतात. ज्या कुटुंबाकडे दोन खोल्या, एक मळा आणि स्वयंपाक करणारे हात आहेत, त्याला हे सगळे हंगाम जोडधंदा म्हणून पुरतात. बांधीव प्रकल्पाला मात्र रोजच गर्दी लागते, कारण त्याचं कर्ज रोजच चालू असतं.

रस्ते, स्वच्छतागृहं, फलक, रात्रीचे दिवे, तरंगता धक्का यांची गरज कुणी नाकारत नाही. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का आणि काँक्रीटची जेटी यांत उजनीवर फरक किती, हे उणे साठच्या उन्हाळ्याने दाखवलं आहेच. त्या उन्हाळ्यात पळसदेवचं बुडालेलं मंदिर उघडं पडलं आणि ते बघायला गर्दी उसळली. पाणी आटल्याचा आनंद मानणारं हे एक विचित्र पर्यटन! पण त्यातूनही तेच दिसतं: जलाशय भरला तर एक गोष्ट पाहायला मिळते, आटला तर दुसरी, आणि दोन्ही वेळा तयार राहायचं तर सोय हलवता येणारी हवी. नदीच्या खालच्या अंगाला पूररेषेचा प्रश्न आहे. तालुक्याच्या पूर्वेच्या सीना नदीने २०२५ च्या सप्टेंबरात जे केलं, गावंच्या गावं पाण्यात आणि जनावरं छपरांवर, ते पाहिल्यावर काठाला लागून विश्रामगृह बांधण्याचा उत्साह कमी व्हायला हवा.

सुरक्षेचा विषय याहून तातडीचा आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ते पर्यटक नव्हते. दोन तालुक्यांत ये-जा करणारी माणसं होती. धरणाने नदी रुंद केली, जुने उतार बुडाले, आणि समोरच्या गावाला जायचं तर होडी किंवा मोठा वळसा. कुगाव-शिरसोडी पूल मंजूर झाला तो हा वळसा टाळण्यासाठीच. जिथे रोजच्या प्रवाशाला लाइफ जॅकेट मिळत नव्हतं, तिथे पर्यटकासाठी क्रूझ आणायची, हा क्रम उलटा आहे. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ पासून आहे. होड्यांची नोंदणी, तपासणी, वाऱ्याचा इशारा आला की होडी न सोडण्याचा नियम हे आधी गावकऱ्यासाठी व्हावं. पाहुण्याला ते आपोआप मिळेल.

आता पाण्याविषयी थोडं स्पष्ट. भीमेत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून येतं, आणि उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं पडून वास मारतं. जलक्रीडेची जाहिरात ज्या पुणेकरासाठी करायची, तो ज्या पाण्याकडे नाकाला रुमाल लावून पाहील ते त्याच्याच घरून आलेलं आहे. जलपर्यटनाच्या खर्चातला पहिला रुपया खरं तर वरच्या शहरांतल्या सांडपाणी प्रक्रियेवर पडायला हवा. तो माढ्याच्या हातात नाही, पण मागणी माढ्याने रेटायला काय हरकत? उलट बाजूने, हेच पाणी सोलापूर शहर, पंढरपूर आणि अनेक गावं पितात. नदीतून शहरासाठी एकदा पाणी सोडायचं तर पाच-सहा टीएमसी लागत आलं आहे. पातळी पर्यटनासाठी राखा, अशी मागणी कुणी केलीच तर ती टिकणार नाही, टिकूही नये. उघड्या पडलेल्या जमिनीवर धरणग्रस्तांची गाळपेर आहे. ज्यांची गावं या पाण्याखाली गेली, त्यांचा त्या चिखलावरचा हक्क छायाचित्रकाराच्या आधीचा आहे.

या जिल्ह्याने माणसांना वगळून आखलेली एक रेघ आधी पाहिली आहे. १९७९ मध्ये माळढोकसाठी आठ हजार चारशेहून अधिक चौरस किलोमीटरांचं अभयारण्य जाहीर झालं, त्यात माढा तालुकाही आला. इतक्या वस्तीवर, शेतावर बंधनं आली, स्थानिकाच्या हाती फारसं काही लागलं नाही, शेवटी क्षेत्र बाराशेच्या आसपास आणावं लागलं, आणि माळढोक तोवर जवळजवळ दिसेनासा झाला. कुंभारगावात उलट झालं: पक्ष्यावर घर चालू लागल्यावर त्याची राखण घरचे लोकच करू लागले. म्हणून होडीचा परवाना कुणाला, हा प्रश्न रंगरंगोटीपेक्षा मोठा आहे. बाहेरच्या ठेकेदाराला पंधरा वर्षांचा करार देऊन भोयांना त्याच्याकडे रोजंदारीवर लावलं, तर आराखडा कागदावर यशस्वी होईल आणि भिगवणचा धडा मात्र वाया जाईल. परवाने मासेमार सहकारी संस्थांना, मुक्काम गावातल्या घरांना, आणि सरकारने तपासणी, प्रशिक्षण, स्वच्छता एवढंच सांभाळावं, अशी वाटणी इथे जास्त टिकेल.

आणि पंचांग कोण काढणार? त्याची अर्धी सामग्री आधीच तयार असते. पावसाळा संपला की उजनीच्या कालवा सल्लागार समितीची बैठक होते; रब्बीची आवर्तनं, पिण्यासाठी नदीत सोडायचं पाणी, उन्हाळ्यासाठी राखीव किती, हे तिथे ठरतं. त्यावरून कोणत्या महिन्यात काठ कुठे असेल, चिखल कधी उघडेल, चंद्रभागेत पाणी कधी वाहील, याचा अंदाज निघतो. त्यात तिथींची पानं जोडायची: कार्तिकी, माघी, चैत्री, आषाढी, अरणची चतुर्दशी, माढेश्वरीचं नवरात्र, आणि शेतकऱ्यांनी सांगितलेले हुरड्याचे नि द्राक्षकाढणीचे आठवडे. आज त्या बैठकीचा वृत्तान्त जलसंपदा खात्यात राहतो, पर्यटन विभागाचा कागद दुसऱ्या इमारतीत, आणि टेंभुर्णीच्या हॉटेलवाल्याला दोन्हींतलं काही कळत नाही. बैठक संपल्यावर आठ दिवसांत तालुक्याचं एक छापील पत्रक निघावं, आणि टेंभुर्णीच्या चौकात, कुर्डुवाडी स्थानकावर, अरणच्या मंदिरात ते लागावं. त्याला २८२ कोटींतले काही हजार रुपये पुरतील.